दुसरी नळी

काबुस्वे, तू विचारतोस कुठली बरी,
एकनळी की दुनळी.
मी दोन्ही वाहिल्यात. माझ्या खांद्याला विचार.
दुनळी साडेपाच किलोची, अंगावर रेलणारी.
एकनळी हलकी. छातीशी धरली
तर झोपलेल्या पोरासारखी वाटते.

क्रॅडक साहेबाची दुनळी त्याच्या आजाची.
दोन नळ्या, दोन चाप,
आणि कोण्या कारागिराने त्या अशा जुळवलेल्या
की साठ पावलांवर दोन्ही गोळ्या एकाच वाटीत पडाव्यात.
डाव्या हाताच्या बोटांत तो आणखी दोन काडतुसं धरी,
सिगारेटी धराव्यात तशी.
हाताशी एवढं मरण असलं
की माणूस घाई करतो.
त्या दिवशी वारा फिरला.
मी राखेची पुरचुंडी झटकली, राख सरळ रेड्याकडे निघाली.
मी म्हणालो, थांब.
तो म्हणाला, आहे ना दुसरी.

पहिली पोटात गेली.
पानांवर रक्त, त्याला अर्धवट पचलेल्या गवताचा वास.
चार तास तो वास धरून आम्ही जाळीत शिरत गेलो,
जिथे स्वतःचं कोपर दिसत नाही.
आणि रेडा वळसा घालून
आपल्याच मागावर, आमच्या पाठीशी येऊन उभा होता.
खोटं कशाला बोलू?
दुसऱ्या नळीनेच मला वाचवलं.
क्रॅडकने बंदूक खांद्यावरून हलवली नाही,
बोट तेवढं मागच्या चापावर सरकलं.
मांडीवरची ही खूण
रेडा मेल्यावरची आहे, कोसळताना शिंग लागलं.
जिने घोटाळा केला, तिच्या जुळ्या बहिणीने तो निस्तरला.
मांड आता हिशेब.

मग आल्बिन साहेब आला, ग्राझचा दातांचा डॉक्टर.
त्याची एकनळी. खालचा खटका ओढला की पोट उघडायची,
एक काडतूस गिळायची, मिटायची.
अकरा दिवस त्सेत्से माश्यांनी त्याची मान फोडली.
तीनदा रेडा समोर आला, तीनदा त्याने बंदूक खाली घेतली.
म्हणायचा, दात मी एकदाच ओढतो.
बाराव्या दिवशी ओढला.
रेडा सत्तर पावलं गेला, बसला,
आणि तो लांबलचक हंबरला, जो ऐकला की
बंदूकवाले टोपी काढतात आणि आम्ही सुऱ्या.
रात्री त्याने रिकामं काडतूस टेबलावर उभं केलं.
एक गोळी म्हणजे इमान, म्हणाला. बराच वेळ बोलला.
चांगला माणूस होता. पोरांच्या फीसाठी पैसे पाठवायचा.

मी ताटं उचलली.
बारा दिवस त्याच्या खांद्यामागे, दोन पावलांवर,
मी उभा होतो,
हातात कंपनीची दुनळी, भरलेली.
त्याची एकनळी कधी एकनळी नव्हतीच, काबुस्वे.
त्याने मागे वळून बघितलं नाही एवढंच.

खरी एकनळी तुझ्या पणजाकडे होती.
पाण्याच्या पाइपाची नळी, दस्ता म्हणजे मोडक्या होडीचं लाकूड.
वरून दारू ठासायची, चिंधी, मग जे मिळेल ते,
सायकलचे छर्रे, एकदा दाराची कडी.
मका खायला रेडे यायचे, लुआंग्वा ओलांडून, रात्रीचे.
पुन्हा भरायला लागायचा
एक भाकर खाण्याएवढा वेळ.
त्याने इमानाचं नाव कधी काढलं नाही.
आधी झाड बघायचा, मग रेडा.
ते मोपानेचं झाड, हीच त्याची दुसरी नळी.

ते अजून आहे, चक्कीच्या मागे.
छातीच्या उंचीवर साल सोलल्याची एक जखम आहे,
कडेने भरत आलेली, मधे अजून उघडी.
तो किती वर चढला होता, ते त्यावरून कळत नाही.
त्या रात्री तो पोचला की नाही,
तेवढं मला विचारू नकोस. मी सहा वर्षांचा होतो,
मला आवाज आठवतो,
एकच.